नाव, नंबर, पलटण : फौजी घरांच्या वहीसाठी प्रस्तावना

ही प्रस्तावना अजून न लिहिलेल्या एका वहीसाठी आहे. बालाघाट जिल्ह्यातल्या ज्या घरांतून आजा फौजेत गेला, त्याच्यामागे बाप गेला आणि आता नातू भरतीसाठी पहाटे अंधारात रस्त्यावर धावतो आहे, त्या प्रत्येक घराने आपल्या हाताने अशी एक वही लिहावी, असे मला मनापासून वाटते. वही साधी शंभर पानी चालेल. घरातून नोकरीवर गेलेल्या प्रत्येकाचे नाव, नंबर, पलटण, भरतीची तारीख, कुठे कुठे बदली झाली, कोणत्या लढाईत होता, कधी घरी आला किंवा कुठल्या मातीत राहिला, हे तिच्यात असावे. आणि तो नसताना घर कुणी सांभाळले, तेही असावे.

फौजी घर दाराशी उभे राहिले तरी ओळखू येते. भिंतीवर वर्दीतला फोटो असतो. माळ्यावर काळी लोखंडी ट्रंक असते आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात हुद्दा, नाव, नंबर रंगवलेला असतो. कपाटात रुमालात गुंडाळलेली पदके असतात. २६ जानेवारीला शाळेत बोलावणे येते, शाल-श्रीफळ दिले जाते, टाळ्या वाजतात. हे सगळे हवेच आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याच घरातल्या विशीतल्या पोराला विचारावे, की आजा कोणत्या बटालियनमध्ये होता, १९७१ साली पूर्वेला होता की पश्चिमेला, छातीवरचे हे पट्टीदार पदक कशाचे, तर बहुतेक वेळा उत्तर येते, ‘आमच्या घरात सगळे फौजीच.’ तीन पिढ्यांची साठ-सत्तर वर्षांची सेवा चार शब्दांत संपते. सन्मान करायचा कुणाचा, हेच ठाऊक नसेल तर हार कुणाच्या गळ्यात पडतो?

बालाघाटच्या मुलखाला शिपाईगिरी नवी नाही. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पोवारांची जी हकीकत आली आहे ती वैनगंगेच्या खोऱ्यातली जुनी माणसे आजही आपापल्या परीने सांगतात. माळव्याकडची ही मंडळी आधी रामटेकजवळच्या नगरधनला आली, पुढे नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत लढली आणि त्या कामगिरीबद्दल त्यांना वैनगंगेच्या पश्चिमेकडे जमिनी मिळाल्या. शिपाई होते ते शेतकरी झाले. धानाच्या शेतीत आणि पाणी अडवण्यात त्यांनी नाव काढले. एकोणिसाव्या शतकात लछमन नाईकांनी परसवाड्याच्या पठारावर जंगल तोडून गावे वसवली, १८६७ मध्ये बालाघाट हा जिल्हा झाला, आणि पोवारी, मराठी, हिंदी, गोंडी बोलणारी घरे एकमेकांच्या शेजारी नांदू लागली.

या हकीकतीत एक मोठी पोकळी आहे. कटकला कोण गेले? बंगाल-ओरिसाच्या वाटेवर तापाने कोण दगावले, जखमी होऊन कोण परतले, कुणाच्या पाठीमागे कोणत्या बाईने घर सांभाळले? जमीन राहिली, कथा राहिली, जातीचा अभिमान राहिला. माणूस एकही राहिला नाही. ज्याच्या रक्तावर बांधी मिळाली त्याचे नाव त्या बांधीत राबणाऱ्या नातवंडांना माहीत नाही.

अठराव्या शतकातल्या शिपायाचे नाव कोण लिहिणार, असे कुणी म्हणेल. पण थोड्याच वर्षांनी एके ठिकाणी शिपायांची नावे लिहिली गेली. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगावला पेशव्यांची फौज आणि कंपनीची तुकडी यांची लढाई झाली. तिचा अर्थ कसा लावायचा यावर आजही मतभेद आहेत आणि त्यात शिरण्याची ही जागा नाही. मला त्या ठिकाणच्या दगडी स्तंभाकडे लक्ष वेधायचे आहे. १८२०च्या दशकाच्या सुरुवातीला तो उभारला गेला आणि त्यावर तिथे पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरली गेली. ४९ नावे आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार शिपाई. बाकीच्यांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, यहुदी आहेत. हुद्द्याने लहान असलेल्या, गावात ज्यांना वेशीबाहेर राहावे लागे अशा माणसांची नावे दगडात कायम झाली.

या नावांचा पुढे काय उपयोग झाला ते बघण्यासारखे आहे. १८५७ नंतरच्या दशकांत इंग्रजांच्या डोक्यात लढाऊ जातींचे खूळ शिरले. कोण लढवय्या आणि कोण नाही हे जन्मावरून ठरवायला त्यांनी सुरुवात केली आणि १८९२च्या सुमारास महारांची भरती बंद केली. ज्यांचे बाप आणि आजे कंपनीच्या मुंबई फौजेत सुभेदार-जमादार झाले होते, त्यांच्या पोरांना भरतीचे दार बंद झाले. दापोलीला पेन्शनर फौजींची मोठी वस्ती होती. तिथले निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ आणि १९१० साली सरकारकडे पुन्हा दाद मागितली. या अर्जांचा जोर कशावर होता? आमच्या वडिलांनी आणि आजांनी तुमच्या पलटणीत चाकरी केली आहे, यावर.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी केली गेली. युद्ध संपल्यावर ती मोडण्यात आली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभाला अभिवादन करायला गेले. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा तोच स्तंभ होता. आज या रेजिमेंटचे केंद्र आपल्या मध्य प्रदेशात, सागरला आहे. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती याच रेजिमेंटचे, आणि १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडून परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे तिच्या आठव्या बटालियनचे.

बाबासाहेबांचे घराणे हे या विषयाचे सगळ्यांत बोलके उदाहरण आहे, आणि ते आपल्या राज्याशी बांधलेले आहे. आजोबा मालोजी सकपाळ फौजेत होते. वडील रामजी सुभेदार झाले. आई भीमाबाईंचे माहेरही फौजीच, त्यांचे वडील सुभेदार-मेजर होते. महूच्या छावणीत रामजी लष्करी शाळेचे मुख्याध्यापक असताना १४ एप्रिल १८९१ रोजी तिथेच भीमरावांचा जन्म झाला. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्याची सक्ती होती. बाहेर ज्या समाजाला शाळेच्या पायरीला हात लावू देत नसत, त्या समाजातल्या माणसांच्या हाती छावणीत पाटी-पेन्सिल आली. रामजींनी ती अक्षरे आपल्या घरात उतरवली. मुलांना ते पहाटे उठवून अभ्यासाला बसवत.

फौजी घराण्याचा वारसा म्हणजे शौर्य, असे आपण सहज धरून चालतो. मला वाटते वारशात शौर्याइतकीच मोठी गोष्ट ही अक्षरओळख होती. वेळेवर उठणे, कागद जपणे, अर्ज कसा लिहावा, साहेबासमोर ताठ उभे राहून बोलावे कसे, पगारातून किती घरी पाठवावा, हे सगळे छावणीतून गावात आले. वैनगंगेकाठच्या कितीतरी घरांत पहिला मॅट्रिक झालेला माणूस हवालदाराचा मुलगा असतो, तो काही योगायोग नाही. आपल्या वहीत याला एक स्वतंत्र पान द्यावे: आजाच्या पगारावर घरात कोण किती शिकले.

आता दुसरे स्मारक पाहू. इराकमधल्या बसऱ्याला मेसोपोटेमियाच्या मोहिमेत पडलेल्यांचे स्मारक १९२९ मध्ये उभारले गेले. थडगे नसलेल्या ४० हजारांहून अधिक माणसांची ती आठवण आहे. १९१५-१६ मध्ये कुत-अल-अमारा इथे पुण्याची सहावी डिव्हिजन वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. १४७ दिवस वेढा चालला, घोडे कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून जी पायपीट करावी लागली तिच्यात जे गेले, त्यांची मोजदादच धड नाही. अशा माणसांच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, आपल्या अंमलदारांची नावे कोरली गेली, पण आपल्या साध्या शिपायांची फक्त संख्या. अमुक पलटण, आणि आणखी इतके जवान. युद्धस्मारकांचे काम पाहणाऱ्या कॉमनवेल्थच्या आयोगाने २०२१ साली आपल्याच कारभाराची चौकशी केली. अशा रीतीने वेगळी वागणूक मिळालेले मृत ४५ ते ५४ हजार असावेत, आणि नावाने आठवणच ठेवली गेली नाही असे किमान १ लाख १६ हजार, असा तिचा निष्कर्ष आहे. यांत आफ्रिकी आहेत, आशियाई आहेत, आपले लोक आहेत. आयोगाने माफी मागितली.

शंभर वर्षांनी आलेल्या माफीला मी कमी लेखत नाही. पण मला या दोन स्मारकांतला फरक फार महत्त्वाचा वाटतो. कोरेगावला नावे होती म्हणून नातवंडांना बोट ठेवायला जागा होती. बसऱ्याच्या दगडावर आकडा होता, आणि आकड्यावर कुणी हक्क सांगू शकत नाही. आपल्याही घरात आज असेच चालले आहे. ‘सगळे फौजीच’ हा आकडाच आहे.

एक चांगली गोष्ट सांगायला हवी. दगडावर नव्हती ती नावे नोंदवहीत होती, आणि आता त्या आयोगाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात. कित्येक नोंदींत बापाचे नाव, गाव, तहसील आणि जिल्हाही दिलेला असतो. शोधताना आपल्या बाजूच्या माणसाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्या काळात बालाघाट मध्य प्रांतात होता, म्हणून जिल्ह्यापुढे ‘सी. पी.’ असे लिहिलेले सापडेल. आणि गावांची इंग्रजी स्पेलिंगे कारकुनाने कानाला आले तशी लिहिलेली आहेत, तेव्हा वारासिवनी, कटंगी, किरनापूर, लांजी ही नावे पाच-सहा तऱ्हांनी टाकून पाहावी लागतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. त्या दिवशी सोयरिकी तशाच राहिल्या आणि कचेऱ्या वेगळ्या झाल्या. एका भावाचा कागद महाराष्ट्रात आणि दुसऱ्याचा मध्य प्रदेशात, अशी घरे गोंदिया-बालाघाटच्या पट्ट्यात पुष्कळ आहेत.

स्वातंत्र्यानंतर आपण या बाबतीत सुधारलो आहोत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत, पण तो इंग्रजांनी उभारलेला. स्वतंत्र भारतासाठी पडलेल्यांचे राष्ट्रीय स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. त्याच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या पाट्यांवर २५ हजारांहून अधिक नावे आहेत, शिपायापासून वरपर्यंत सारखी. ज्या घरातला माणूस तिथे आहे त्या घराने एकदा तरी जाऊन त्या नावावर हात ठेवावा. मात्र स्मारक पडलेल्यांचे असते. वीस वर्षे सियाचिन, नेफा, राजस्थान करून गुडघे निकामी करून परतलेल्या नायकाचे नाव कुठल्याच दगडावर येत नाही. त्याची जागा घरच्या वहीतच.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याने हे काम गावाने केले. त्या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला आहे. घरटी माणूस फौजेत, अशी त्याची ख्याती आहे, आणि पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाशी जोडलेला ४६ हा आकडा तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. गावात शिरताच कळते की इथे सेवा ही कुणा एकाची मिळकत नाही. बालाघाटच्या विखुरलेल्या घरांना अपशिंग्याची सोय नाही. एका वाडीत एक सुभेदार, पाच कोसांवर दुसरा. म्हणून जे तिथे गाव करते ते इथे घराला करावे लागेल, आणि त्यातूनच कधीतरी गावाची वही होईल.

आता वहीत काय लिहावे याबद्दल थोडे सविस्तर.

आधी पदके बाहेर काढा. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक घरात असेल तर त्याच्या एका बाजूला पाचव्या जॉर्जचे मुंडके असते. सगळे तेच बघतात. तुम्ही पदक आडवे धरा आणि कड उजेडात फिरवा. कडेवर बारीक ठशांनी नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उठवलेली दिसेल. घासून पुसट झालेली असली तर कागद ठेवून पेन्सिल फिरवावी, अक्षरे उमटतात. एवढ्या एका ओळीवरून पणजाचा माग लागू शकतो. असली कितीतरी पदके मुलीच्या लग्नाला किंवा दुष्काळात सोनाराकडे गेली आणि आटली. जी राहिली आहेत ती विकू नका, आणि ब्रासोने घासून चकचकीत करू नका, त्याने ती अक्षरेच जातात.

मग डिस्चार्ज बुक. ते कपाटातल्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, जमिनीच्या कागदांखाली असते. त्यात भरती झाल्याची तारीख, उंची, छाती, ओळखीची खूण, केलेले कोर्स, मिळालेली पदके आणि शेवटी वर्तणुकीचा शेरा असतो. मी अशी पुस्तके हातात घेऊन बसलो आहे. ज्या माणसाला आपण खाटेवर खोकताना पाहिले, त्याची अठराव्या वर्षाची उंची आणि छाती वाचताना मन भरून येते. ‘भुवईवर जखमेचा व्रण’ असे ओळखीच्या खुणेत लिहिलेले असते, आणि घरात कुणीच त्याला ती जखम कशी झाली हे विचारलेले नसते. विचारावे. तो हयात असेतो विचारावे.

पुढचा कागद पेन्शनचा, ज्याला सगळे पी.पी.ओ. म्हणतात. इथे नावाचा प्रश्न पोटाचा होतो. जवानाचे लग्न झाले, मूल झाले, की पलटणीत पार्ट टू ऑर्डर निघावी लागते, तेव्हा कुठे बायकोचे नाव सरकारदरबारी लागते. आपल्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलण्याची रीत. माहेरचे एक, सासरचे दुसरे, शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर तिसरेच. नवरा असेतोवर कुणाचे काही अडत नाही. तो गेला की विधवेला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मी तीच बाई आहे हे सिद्ध करत फिरावे लागते. सत्तरीच्या बाया एका काना-मात्रेसाठी कचेरीच्या पायऱ्या चढताना मी पाहिल्या आहेत. अशा घराचा ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी कितीही गौरव करा, त्या विधवेच्या कागदावरचे नाव दुरुस्त करून दिल्याखेरीज तो पुरा होत नाही. म्हणून वहीच्या एका पानावर बायकोचे नाव सगळ्या कागदांवर कसे कसे लिहिले आहे ते नोंदवावे, आणि चूक असेल तर माणूस हयात असतानाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ती निस्तरावी.

बायकांचे पान हे वहीचे सगळ्यांत मोठे पान व्हावे, असे मी आग्रहाने सांगेन. जवानाची रजा रोवणीच्या दिवसांत मिळेलच असे नाही. पाऊस त्याच्या कमांडिंग ऑफिसरला विचारून पडत नाही. चिखलात वाकून रोवणी केली ती बायकोने, बांध फुटला तर रात्री कंदील घेऊन गेली ती, सासऱ्याचे दुखणे काढले तिने, मनिऑर्डर आली की सावकाराचे आधी फेडायचे की पोराची फी भरायची हे ठरवले तिने. आंतरदेशीय पत्र मास्तरांकडून वाचून घेताना नवऱ्याने लिहिलेले दोन शब्द चारचौघांत ऐकावे लागले तेही तिनेच. ‘हवालदाराची बायको’ एवढीच तिची ओळख राहिली. तिला हुद्दा नव्हता, नंबर नव्हता, पण सेवेची वर्षे तेवढीच होती.

आणि काळ बदलला आहे. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक तेव्हा दोन मुलांची आई होत्या. त्यांनी परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीतले खडतर प्रशिक्षण पुरे केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. नवऱ्याची वर्दी त्यांनी फोटोत ठेवली नाही, स्वतः घातली. घराण्याची सेवा बापाकडून मुलाकडे जाते, हा समज या एका घटनेने कायमचा बाजूला झाला. बालाघाटच्या मुलीही आता मैदानावर धावतात. वहीत त्यांच्यासाठी कोरी पाने ठेवावीत.

कुणाला घ्यावे आणि कुणाला वगळावे, यावर घरात वाद होतील. माझे म्हणणे, कुणालाच वगळू नये. आजा बंदूकवाला नव्हता, लंगरमध्ये भाकरी भाजत होता, खेचरे हाकत होता, धोबी होता, तरी घ्यावा. त्याच्या भाकरीवर पलटण चालली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज २५ लाखांच्या घरात गेली, ती काही सगळी खंदकात नव्हती. कुणी सिंगापूरला कैद होऊन आझाद हिंद सेनेत गेला असेल तर तोही घ्यावा. अशा सैनिकांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन मिळायला १९७२ उजाडावे लागले. एकाच घरातला एक भाऊ इटलीत इंग्रजांच्या बाजूने, दुसरा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर नेताजींच्या बाजूने, असे झाले असेल तर दोघांची पाने समोरासमोर असू द्यावीत. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या तिबर नदीच्या खोऱ्यात केलेल्या पराक्रमासाठी मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या शेजारी चालणाऱ्यांची माहिती कुणाच्या तरी घरातच असणार.

आपल्या जिल्ह्याने जंगलातली दुसरी लढाईही वर्षानुवर्षे पाहिली. लांजी, बैहरच्या बाजूला नक्षलवाद्यांशी झुंजणाऱ्या पोलिसांत आणि हॉक फोर्सच्या जवानांत याच गावांतलेही होते. वर्दीचा रंग वेगळा म्हणून त्यांना बाहेर ठेवू नये.

आणि जे तुटून परतले तेही घ्यावेत. काही जण आले ते दारू घेऊनच आले. काही जण रात्री दचकून उठत, बायकोवर हात उचलत, पोरांना जवळ येऊ देत नसत. काही जण पळून आले. घरातली माणसे हे लपवतात, कारण त्यांना वाटते याने घराण्याला बट्टा लागेल. मला उलटे वाटते. नुसत्या पराक्रमाची वही वाचून नातवाला कळणार नाही की फौजेने आजाकडून काय घेतले. ते कळले तरच तो आजाला खऱ्या अर्थाने मान देईल, आणि आजीलाही.

हे सगळे आताच का, असे कुणी विचारील तर कारण सांगतो. १९६२ आणि १९६५ पाहिलेले लोक ऐंशीच्या पुढे गेले आहेत. १९७१चे जवान सत्तरीत आहेत. आणखी दहा वर्षांनी विचारायला माणूस उरणार नाही. दुसरे कारण भरतीचे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, त्यातले २५ टक्के पुढे कायम होतील, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन बाहेर पडतील, पेन्शन नाही. योजना बरी की वाईट यावर माझे मत आहे आणि ते मी लपवत नाही: ज्या घराने तीन पिढ्या वीस-वीस वर्षे दिली, त्या घरातल्या चौथ्याला चार वर्षांत घरी पाठवणे मला रुचत नाही. पण माझे रुचणे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. पेन्शन असते तिथे सरकार मरेपर्यंत माणसाची नोंद ठेवते, कारण दर महिन्याला त्याला पैसे द्यायचे असतात. पेन्शन नसलेल्या पोराची चार वर्षे कोण लक्षात ठेवणार? ती घरानेच लिहून ठेवायला हवीत, तारखेनिशी.

वही मराठीत लिहावी, पोवारीत लिहावी, हिंदीत लिहावी, घरात जे बोलले जाते त्यात लिहावी. नंबर मात्र जसा ट्रंकेवर आहे तसाच, अक्षर न बदलता उतरवावा. ऐकीव गोष्टीपुढे ‘आजीने सांगितले’ असे लिहावे, कागदावरून घेतलेल्या गोष्टीपुढे कोणता कागद ते लिहावे. फोटोच्या मागे शाईने नावे घालावीत, डावीकडून उजवीकडे, कारण ग्रुप फोटोतला तिसरा कोण हे सांगणारा माणूस आता एकच उरलेला असतो. त्याला फोन करावा. कागदांची नक्कल काढून एक प्रत सोयऱ्यांकडे ठेवावी, कौलारू घरात पावसाळ्याचा आणि वाळवीचा भरवसा नाही.

सुरुवात घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईपासून करावी. तिला तारीख आठवणार नाही. तिला आठवेल की तो गेला तेव्हा थोरला पोटात होता, की त्या वर्षी वैनगंगेला पूर आला होता, की स्टेशनवर लहान लाइनीची गाडी उशिरा आली म्हणून त्याला दोन घास जास्त खायला मिळाले. ते सगळे तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, आणि साल मागाहून डिस्चार्ज बुकावरून जुळवावे.